गवत कापणारे यंत्र-कासव : घ्यावे की न घ्यावे?



माझी नोकरी सल्ला देण्याची. बियाणे कोणते घ्यावे, खत कधी टाकावे, फवारणी कोणत्या वेळी करावी, हे सांगत तीस वर्षे गावोगाव हिंडलो. दिलेला सल्ला लागू पडला की लोक चहा पाजतात. चुकला तर साहेब दिसताच वाट बदलतात. पण चुकलेल्या सल्ल्यातही चार माणसांना उपयोगी पडेल असे काही असते, म्हणून आज माझ्या एका चुकीची हकीकत सांगणार आहे. ती बियाण्याची नाही, खताची नाही. ती आहे दारातल्या गवताची.

जुन्नर तालुक्यात माझ्या ओळखीचे एक द्राक्ष बागाईतदार आहेत. सारी वस्ती त्यांना तात्या म्हणते, म्हणून मीही तात्याच म्हणतो. थोरला मुलगा जर्मनीत नोकरीला, धाकटा घरची शेती पाहतो. धाकट्याने मळ्यात चार खोल्या बांधून कृषी पर्यटन सुरू केले. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी येतात, बैलगाडीत बसतात, पिठले-भाकरी खातात आणि संध्याकाळी घरापुढच्या हिरवळीवर पाय पसरून बसतात. हिरवळ चांगली चार गुंठ्यांची. मंगल कार्यालयांमुळे ‘लॉन’ हा शब्द आता आपल्या आजीबाईंनाही ठाऊक झाला आहे. तसले हे घरचे लॉन.

आता गवत म्हटले की ते वाढणारच. आणि घराजवळचे गवत वाढू देऊन भागत नाही. वाढलेल्या गवतात घोणस, फुरसे दडून बसते आणि अंधारात पाय पडला की जिवावर बेततो. पाहुण्यांच्या घरात तर हा धोका कोण पत्करील? दर पंधरवड्याला गवत कापणे आले. खुरपणीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत. मग तात्यांची आई, सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरत विळा घेऊन बसायची. थोरल्याने हे फोनच्या पडद्यावर पाहिले आणि तो तिकडून म्हणाला, “आजीला उठवा तिथून. इथे आमच्या आळीत घरोघरी कासवासारखे यंत्र आहे. आपले आपण फिरते, गवत कापते आणि थकले की आपणच जागेवर जाऊन बसते. मी पैसे पाठवतो, तसले घ्या.”

तात्यांनी मला विचारले, “साहेब, घ्यावं का?”

मी ओट्यावर बसून पेन्सिलीने हिशोब मांडला. वर्षाला गवत कापण्याच्या वीस पाळ्या. पाळीला दोन बाया, बाईला चारशे रुपये. म्हणजे वर्षाला सोळा हजार. यंत्राला तार टाकणावळीसह सव्वा लाख. आठ वर्षे चालले तर वर्षाला साधारण साडेपंधरा हजार. बरोबरीचा सौदा, वर बायांच्या मागे हिंडणे वाचले. मी म्हणालो, “घ्या, तात्या.”

हिशोब कागदावर बरोबर होता. चूक कुठे होती ते पुढे येईलच.

यंत्र चालते कसे?

आधी यंत्राविषयी सांगतो, म्हणजे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्या डोळ्यांपुढे येईल.

घमेले पालथे घालावे एवढा त्याचा आकार. खाली चाके आणि मध्ये एक फिरती तबकडी. तबकडीला दाढीच्या पात्यासारखी दोन-तीन लहान धारदार पाती सैल टांगलेली असतात. पोटात बॅटरी. हिरवळीच्या कडेने जमिनीत बोटभर खोल एक तार पुरतात. त्या तारेतून अगदी सौम्य वीज-संकेत वाहतो. यंत्र तारेजवळ आले की त्याला तो संकेत कळतो आणि ते तोंड फिरवते. थोडक्यात, तार म्हणजे त्याचे कुंपण. बॅटरी उतरली की ते तारेच्या मागाने आपल्या ठाण्यावर जाते, वीज भरून घेते आणि पुन्हा चरायला निघते. अलीकडे तारेवाचून, उपग्रहाच्या खुणेवर आणि कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रेही निघाली आहेत. उपग्रहावर चालणाऱ्यांना मात्र मोकळे आभाळ लागते. आंब्याच्या किंवा नारळाच्या दाट सावलीत ती बावचळतात.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे यंत्र वाढलेले गवत कापणारे नाही, गवत वाढू न देणारे आहे. ते रोज किंवा दिवसाआड फिरते आणि शेंड्यावरचे दोन-तीन मिलिमीटर तेवढे छाटते. तो चुरा गोळा होत नाही, तिथेच पडून कुजतो आणि त्यातले नत्र जमिनीला परत मिळते. हिरवळ दाट होते, हे खरे. धूर नाही, पेट्रोल नाही, आवाज पंख्याएवढा. विजेचा खर्च महिन्याला थोड्याच युनिटांचा. हे सारे गुण मी नाकारत नाही.

जिथले ते तिथे शोभते

हिरवळ राखण्याचे वेड मूळ इंग्लंडचे. पूर्वी तिथेही ती लांब दांड्याच्या कोयत्याने कापत किंवा मेंढ्या सोडून चारत. १८३० साली ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग या कारागिराने कापडाच्या गिरणीत लोकरीवरची लव कापणारे यंत्र पाहिले आणि त्यावरून गवत कापणारे पहिले यंत्र बनवले. त्यानंतर १६५ वर्षांनी, १९९५ साली, स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीने उन्हाच्या शक्तीवर आपोआप फिरणारे यंत्र बाजारात आणले. आजची यंत्र-कासवे त्याच वाटेने पुढे आली.

त्या मुलखात हे यंत्र का रुळले? पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. गवत सावकाश, एका चालीने वाढते. घरापुढची जागा सपाट आणि कुंपणाची. दारात म्हैस नाही, शेळी नाही, म्हणून कापलेले गवत कोणाला नको असते. उलट ते टाकायचे कुठे, हाच त्यांचा प्रश्न. जर्मनीत वस्तीमध्ये रविवारी गवत कापण्याचे यंत्र लावायला कायद्याने बंदी आहे. आठवडाभर नोकरी आणि सुटीच्या दिवशी बंदी, मग कापायचे कधी? अशा घरी रोज थोडे थोडे आणि गुपचूप काम करणारे यंत्र सोयीचे ठरणारच.

तरी तिथेही तक्रार नाही असे नाही. हेजहॉग नावाचा, आपल्या साळिंदराच्या धाकट्या भावासारखा दिसणारा एक लहान काटेरी प्राणी युरोपात बागांतून रात्री हिंडतो. धोका दिसला की तो पळत नाही, अंगाचे वेटोळे करून जागीच बसतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी आधीच मेलेले हेजहॉग यंत्रांच्या वाटेत ठेवून परीक्षा घेतली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या यंत्रांपैकी एकालाही तो प्राणी अंगाला टेकल्यावाचून ओळखता आला नाही. काही यंत्रे टेकून मागे फिरली, काहींनी जखमा केल्या. पुढे जर्मनीतील कोलोन शहराने २०२४ साली ही यंत्रे रात्री चालवायला मनाई केली.

ही माहिती मला आधी असती तर तात्यांच्या कोंबड्या मला आठवल्या असत्या.

तात्यांच्या दारी काय झाले

यंत्र आले ते दिवाळीनंतर. पहिले चार महिने सुखाचे गेले. पाहुण्यांची मुले त्याच्यामागे धावत. आजीसुद्धा ओट्यावर बसून कौतुकाने पाहत. सूनबाईंनी त्याला कुंकू लावले होते. तात्यांनी मला मुद्दाम बोलावून जेवू घातले.

मे महिन्यात वळीव आला. विजा कडाडल्या. गडगडाट सुरू झाला की यंत्राच्या ठाण्याचा प्लग काढून ठेवायचा असतो, जमिनीतली तारही सोडवायची असते. ही सूचना पुस्तकात होती, पण पुस्तक इंग्रजीत आणि कपाटात. दुसऱ्या दिवशी ठाणे मुके. दुरुस्तीला पुण्याला पाठवले, नऊ हजार रुपये आणि तीन आठवडे गेले. तोवर मृग लागला. यंत्र परत आले तेव्हा गवत गुडघ्याला टेकत होते. चार इंचांवर वाढलेल्या गवतात हे यंत्र गुरफटते. म्हणजे पुन्हा बाया लावून गवत कापा आणि मग यंत्र सोडा. तेही केले. पण आपली काळी माती! दोन दिवस झड लागली की चाकांना चिखलाचे लाडू बसतात आणि कासव जागच्या जागी चाके फिरवून खड्डा करते. धाकटा रोज सकाळी ते उचलून धुवायचा. “साहेब, बैल धुतो तसं धुतोय,” तो मला म्हणाला.

श्रावणात कोंबडीची पिल्ले निघाली. घार दिसली की पिल्लू जमिनीला चिकटून गप बसते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. यंत्र अंगावर येताना पाहूनही एक पिल्लू तसेच बसले. आजींनी ते पाहिले. त्या ओरडल्या नाहीत. काठी टेकत गेल्या, पिल्लू पदरात घेतले आणि धाकट्याला म्हणाल्या, “आज पिल्लू आहे. उद्या आपल्या बाळाचा पाय असंल. झाकून ठेव ते.” घरात नातवाचे दीड वर्षाचे पोर नुकते धावू लागले होते. यंत्र उचलले की पाती थांबतात, कशाला धडकले की ते मागे फिरते, ही सोय असते. पण रांगत्या पोराचा हात आणि पाती यांच्यामध्ये केवळ त्या सोयीवर भिस्त ठेवू नये, हे आजींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर.

हिशोबातली चूक

त्याच सुमारास आठवडे बाजारात मला शेजारच्या वस्तीवरच्या एक मावशी भेटल्या. हातात दाव्याला शेळी. मी विचारले, “मावशी, शेळी घेतली का?”

“घेतली न्हाय, इकाया आणली,” त्या म्हणाल्या. “तात्यांचं गवत बंद झालं. दोन शेरडांना पुरवायचं कुठनं?”

मग उलगडा झाला. पावसाळ्याचे चार-पाच महिने या मावशी आठवड्यातून दोनदा विळा घेऊन तात्यांच्या दारी येत. हिरवळीवरचे, कडेचे, बांधाचे गवत कापून भारा बांधून नेत. मजुरी एक पैसा नाही. तात्यांचे दार स्वच्छ, मावशींच्या शेळ्यांचे पोट भरलेले. एका शेळीला दिवसाकाठी तीन-चार किलो हिरवा चारा लागतो. भूमिहीन बाईला तो दुसऱ्याच्या बांधावरूनच मिळवावा लागतो. धाकट्याला मात्र विळ्याने कापलेली हिरवळ ओबडधोबड दिसे. यंत्र आल्यावर त्याने सांगितले, “मावशी, आता तारेत विळा लागेल, येऊ नका.”

माझ्या हिशोबात मी वर्षाच्या वीस पाळ्या मजुरीच्या धरल्या होत्या. त्यांतल्या दहा पावसाळ्यातल्या, आणि त्या मावशी फुकट करत होत्या. वाचणारी मजुरी सोळा हजार नव्हती, आठ हजार होती. म्हणजे यंत्राचा जेमतेम निम्मा खर्च निघत होता. मी बायांचा दर विचारला, यंत्राची किंमत विचारली, बॅटरीचे आयुष्य विचारले. हे गवत आज नेते कोण, एवढे मात्र विचारले नाही. शेतीखात्यातल्या माणसाने हे विसरावे याची मला आजही लाज वाटते. यंत्र गवताचा चुरा करून जमिनीवर टाकते. जर्मनीत त्याला खत म्हणतात. आपल्या दारी तोच एखाद्या शेळीचा घास असतो.

पाण्याचाही हिशोब करा

आणखी एक गोष्ट तात्यांबरोबर मांडली, ती तुम्हीही मांडून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी राखायला रोज पाच मिलिमीटर पाणी धरले तर गुंठ्याला रोज पाचशे लिटर झाले. चार गुंठ्यांना दोन हजार. दुभत्या संकरित गायीला उन्हाळ्यात दिवसाला ऐंशी लिटर पाणी धरले तर पंचवीस गायींचे पाणी आपण दारातल्या गवताला पाजतो! विहीर मे महिन्यात तळ गाठते तेव्हा हा आकडा आठवावा. यंत्र पाणी पीत नाही, पण सव्वा लाखाचे यंत्र दारात असले की त्याला काम म्हणून माणूस हिरवळ वाढवत जातो. घोडा घेतला म्हणून वरात काढायची, तशी गत होते.

मग घ्यावे कोणी?

यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. ते योग्य दारी जावे, एवढेच म्हणणे. पैसे मोजण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी, विशेषतः घरच्या बायकांनी, एकत्र बसून या पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत :

१) हे गवत आज कोणाच्या पोटात जाते? आपल्या गोठ्यात किंवा शेजाऱ्याच्या गोठ्यात जात असेल तर यंत्राचा विचार तिथेच सोडा.

२) मे महिन्यात हिरवळीला द्यायला पाणी आहे का? नसेल तर उन्हाळ्यात हिरवळ वाळते आणि यंत्र चार महिने धूळ खाते.

३) जागा सपाट, दगडगोटे नसलेली, चारी बाजूंनी बंद आहे का? कोंबड्या, पिल्ले, वासरे, लहान मुले तिथे येतात का? येत असतील तर नको.

४) बिघडले तर दुरुस्त करणारा किती कोसांवर आहे? पाती आणि बॅटरी मिळण्याची खात्री आहे का? पाती हंगामात दर एक-दोन महिन्यांनी बदलावी लागतात.

५) रोज सकाळी जागा पाहून दगड, खेळणी, पाइप उचलणारा माणूस घरात आहे का? आपोआप चालणाऱ्या यंत्रालाही धनी लागतोच.

पाचही उत्तरे मनासारखी आली, तर घ्यावे. मोठे मंगल कार्यालय, बऱ्यापैकी चालणारे कृषी पर्यटन केंद्र, किंवा जिथे जनावर नाही आणि म्हातारी माणसेच राहतात असे कुंपणाचे घर, अशा ठिकाणी ते उपयोगी पडेल. ते दिवसाउजेडी, घरचे माणूस समोर असताना चालवावे. रात्री चालवू नये. आपल्याकडे रात्री बेडूक, साप, मुंगूस असे सगळे हिरवळीवर असतात.

एक गैरसमजही काढून टाकतो. यंत्राने तण मरते असे काहींना वाटते. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली असतात, वरून कितीही छाटा, तो पुन्हा येतो. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे लागते. त्याला कासव उपयोगाचे नाही.

साध्या घरी गवत कशाने कापावे?

एक-दीड गुंठ्याची हिरवळ असेल तर ढकलून चालवायचे हातयंत्र पुरे. दोन चाकांमध्ये फिरती पाती, ना वीज ना पेट्रोल. अर्ध्या तासात काम होते. चाऱ्यासाठी कापायचे तर दातेरी वैभव विळा हलका पडतो, मनगट दुखत नाही. आजींसारख्यांना खाली बसणे जमत नाही, त्यांना ते काम देऊच नये, मग हत्यार कोणतेही असो.

बांध, बागेच्या कडा, वाढलेले रान यांसाठी पाठीवरचे किंवा खांद्याचे ग्रासकटर आता गावोगाव भाड्याने मिळते. ते जरूर वापरावे, पण शिस्तीने. पातीवरचे संरक्षक झाकण काढू नये. डोळ्यांना चष्मा, पायांत बंद बूट हवेत. पन्नास फुटांच्या आत कोणी उभे राहू नये. दगडाळ जागी लोखंडी पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावावी. हे मी पुस्तकातले सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्याच परसात, काम लवकर उरकावे म्हणून मी झाकण काढले आणि हरभऱ्याएवढा खडा विजार फाडून नडगीत घुसला. चार टाके पडले. तो डोळ्यात गेला असता तर आज हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता.

तात्यांनी पुढे काय केले?

त्या पावसाळ्यातच मी तात्यांकडे गेलो आणि सरळ म्हणालो, “तात्या, माझा सल्ला चुकला.” तात्या हसले. “साहेब, पेन्सिल तुमची होती, पण मावशी तर माझ्याच दारात यायची. मला तरी कुठं आठवली?”

आम्ही पुन्हा बसलो. या वेळी आजी आणि सूनबाईही बसल्या. चार गुंठ्यांची हिरवळ एका गुंठ्यावर आणली, खोल्यांपुढे, तारेच्या जाळीच्या कुंपणात. यंत्र तिथे दिवाळी ते होळी, दुपारी दोन तास चालते. पाऊस लागण्यापूर्वीच ते धुऊन, पुसून माळ्यावर जाते. उरलेल्या तीन गुंठ्यांपैकी दोनांत ‘फुले जयवंत’ या संकरित नेपिअरचे ठोंब लावले. पाणी तेच, पण आता ते गोठ्यात दूध होऊन येते. तिसऱ्या गुंठ्यात गवत मोकळे ठेवले आहे.

ते मावशींचे. धाकटा स्वतः त्यांच्या वस्तीवर जाऊन सांगून आला. पहिल्या दिवशी त्या कुंपणापाशी घुटमळत उभ्या होत्या. आजींनी ओट्यावरून हाक मारली, “अगं ये की, गवत वाढलंय किती!”

विकलेली शेळी परत आली नाही. दुसरी मात्र गेल्या महिन्यात व्याली, दोन करडे झाली. त्यातले एक करडू सारखे हिरवळीकडे धाव घेते. जाळीत तोंड खुपसून गवताचा शेंडा ओढू पाहते. पाहुण्यांची मुले यंत्र सोडून त्याच्याकडेच पाहत बसतात.

तुमच्या घरी शहरातून, परदेशातून असे एखादे यंत्र पाठवण्याचा निरोप आला, तर पाठवणाऱ्याचे मन मोडू नका. त्याला आपल्या आईचे, आजीचे गुडघे दिसतात, म्हणून तो पाठवतो. त्याला प्रेमाने आपल्या दाराची परिस्थिती कळवा, वरचे पाच प्रश्न कळवा. आणि तुमच्या कृषी साहेबाने पेन्सिल काढली, तर हिशोबाला सुरुवात होण्याआधी त्याला विचारा, “साहेब, गवत कोण नेतं ते धरलंत का?”